शतपुटी चित्रें व उतावळे डोळे

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत चित्रकलेविषयीं बोलणें निघालें, आणि त्यांतही ज्या चित्रांत माणूस, झाड, देव, घर यांपैकीं कांहींच ओळखूं येत नाहीं अशा चित्रांविषयीं निघालें, म्हणजे दोन मतें हटकून ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, ही सारी लबाडी आहे. रंगाचे चार फराटे ओढावे, वर मेण ओतावें, कागदाचे कपटे डकवावे आणि एखाद्या भोळ्या श्रीमंताला गांठावें. दुसरें मत ह्याच्या अगदीं उलट. त्या मताचे लोक चित्रासमोर आवाज खालीं आणतात, डोळे अर्धवट मिटतात आणि 'शून्य', 'ध्यान', 'अनाहत', 'ब्रह्म' असे शब्द उच्चारूं लागतात. ह्या दोन पक्षांत हाडवैर आहे असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. आमच्या मतें हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही चित्र पाहावयाचें नसतें. पहिला न पाहतां हंसतो, दुसरा न पाहतां हात जोडतो. आणि चित्र बिचारें भिंतीवर तसेंच टांगलेलें राहतें.

ह्या लेखांत आम्हांस ह्या दोन्ही पक्षांशीं भांडावयाचें आहे. आणि भांडणासाठीं आम्ही मुद्दामच एक अवघड जातीचें चित्र निवडलें आहे. तापवून पातळ केलेल्या मेणांत रंग कालवून, त्याचे थरावर थर देऊन, त्या थरांच्या मध्यें कागद, कापड, दोरा, राख असें कांहींबाहीं पुरून केलेलें, आकृति नसलेलें, स्तब्ध असें तें चित्र. प्रदर्शनांतून त्याच्याखालीं 'मिश्र माध्यम' असे दोन शब्द छापलेले असतात आणि शेजारच्या पत्रकांत 'चिंतनशील' हा तिसरा. ह्या जातीच्या चित्राची थट्टा करणें जितकें सोपें आहे, तितकेंच त्याचें स्तोम माजविणेंही सोपें आहे. त्याच्याकडे पाहाणें मात्र कठीण आहे. तें कां कठीण आहे व तरीही कां करावें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम तें होतें कसें हें पाहूं. कारण आमच्या समजुतीप्रमाणें अर्धा वाद येथेंच मिटतो. मधमाशांचें मेण सुमारें ६२ ते ६४ अंश सेल्सियस उष्णतेला वितळतें. त्यांत थोडी डामर राळ घालतात, म्हणजे निवल्यावर तें अधिक कठीण होतें. ह्या वितळलेल्या मिश्रणांत रंगाची पूड कालवून तें लांकडी फळीसारख्या ताठ पृष्ठावर कुंचल्यानें लावावयाचें. तैलरंग चित्रकाराला दिवसच्या दिवस सवड देतो. मेण क्षणाचीही देत नाहीं. भांड्यांतून फळीपर्यंत जातां जातांच तें कुंचल्यावर थिजूं लागतें. बरें, नुसतें लावून काम भागत नाहीं. प्रत्येक नवा थर दिल्यावर त्याला पुन्हां ज्योतीची किंवा गरम हवेची आंच द्यावी लागते. तरच तो खालच्या थराशीं एकजीव होतो. आंच कमी पडली तर वरचा थर पुढें पापुद्र्यासारखा सुटतो. अधिक झाली तर खालीं बसलेलें सारें हलतें, आणि कालचें काम डोळ्यांदेखत वाहून जातें. युरोपांत ह्या पद्धतीला जें नांव आहे त्याच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच 'आंत भाजणें' असा आहे.

आपल्याकडील वैद्यांना हें समजावून सांगावयास नको. अभ्रकाचें भस्म करतांना त्याला पुटें देतात. म्हणजे वनस्पतींच्या रसांत तें खलतात, संपुटांत बंद करून अग्नि देतात, निवलें कीं पुन्हां खल आणि पुन्हां अग्नि. अशीं शंभर पुटें झालेलें तें शतपुटी, हजार झालेलें तें सहस्रपुटी. शंभराव्या पुटानंतर जो पदार्थ हातीं येतो त्यांत पहिलें पुट कोठें दिसत नाहीं; पण तें वगळलें असतें तर तो पदार्थ तसा झालाच नसता. मेणाच्या थरांचें चित्र ह्या अर्थानें शतपुटी आहे. आपण पाहतों तो वरचा थर; पण डोळ्याला जो रंग भासतो तो एकट्या वरच्या थराचा नसतो. मेण अर्धपारदर्शक असल्यामुळें उजेड आंत शिरतो, खालच्या थरांना लागून परत येतो, आणि येतांना त्यांचा रंग बरोबर घेऊन येतो. म्हणूनच अशा चित्राचें छायाचित्र सहसा मुळाशीं इमान राखीत नाहीं. मोबाइलच्या कांचेवर तें पाहून मत देणारा मनुष्य फुलाचा वास चित्रांतल्या फुलावरून ठरवीत असतो.

हें साधन कालपरवांचें नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. इजिप्तमध्यें रोमन अमलाच्या काळीं, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत, मृताचा चेहरा फळीवर रंगवून ती फळी त्याच्या प्रेताच्या वेष्टनांत बसवीत. त्यांतल्या अनेक फळ्या मेणांत रंगविलेल्या आहेत. १८८८ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांनीं हवारा येथें अशा कित्येक फळ्या उकरून काढल्या. सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या संत कॅथरीनच्या मठांत सहाव्या शतकांतील ख्रिस्ताचें चित्र आहे, तेंही मेणाचेंच. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावरील बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मधूच्छिष्टाचा, म्हणजे मेणाचा, विधि सांगितला आहे. पण तो मूर्ति ओतण्याचा. मेणाची प्रतिमा करून तिच्यावर माती लिंपतात, आंच देऊन मेण काढून टाकतात आणि त्या पोकळींत धातु ओततात. तेथें मेण आपला आकार देऊन निघून जातें. चित्रांत तें आंच सोसून जागेवर राहतें. चौदापंधराशें वर्षें तें राहूं शकतें, ह्याला सिनाईचा मठ साक्ष आहे.

विसाव्या शतकांत अमेरिकेंत ह्या जुन्या साधनाला पुन्हां दिवस आले. जॅस्पर जॉन्स यांनीं १९५४-५५ सालीं आपल्या राष्ट्रध्वजाचें चित्र वर्तमानपत्राचे तुकडे आणि मेण यांनीं रचलें. आधीं त्यांनीं घरांना लावण्याच्या रंगानें काम आरंभिलें होतें; पण तो लवकर वाळेना, आणि पुढचा फटकारा मागच्याला बिघडवूं लागला. मेण लगेच थिजतें, म्हणून प्रत्येक फटकारा जसाच्या तसा टिकला. ह्या चित्राला निदान ध्वजाची ओळख तरी आहे. ब्राइस मार्डेन (१९३८-२०२३) यांनीं तीही सोडली. तैलरंगांत मेण मिसळून त्यांनीं एकरंगी पट केले. ग्रीसमधील हायड्रा बेटावरच्या ऑलिव्हच्या राईंवरून सुचलेले त्यांचे कांहीं पट १९७० नंतरच्या वर्षांतले आहेत. त्यांत झाड एकही नाहीं, राईंतला करडा-हिरवा उजेड तेवढा आहे. त्यांच्या सुरुवातीच्या कित्येक पटांत खालच्या कडेला एक अरुंद पट्टी मोकळी ठेविलेली दिसते. वरून ओघळलेले रंग तेथें उघडे पडलेले असतात. लबाडी करणारा मनुष्य आपल्या हिशेबाची वही अशी उघडी ठेवीत नाहीं.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. 'हें तर आमचें पोरही काढील,' हें त्यांचें ब्रह्मास्त्र. पोर डाग पाडील हें खरें. कदाचित् फार सुंदर डाग पाडील. पण तेंच पोर दुसऱ्या दिवशीं त्या डागाकडे परत येऊन, त्यांतला कोणता भाग झांकावा, कोणता खरवडून काढावा, कोणता तसाच ठेवावा, ह्याचा निर्णय करील काय? आणि असे निर्णय महिनोन्महिने करीत राहील काय? मुलाजवळ रंगाचा आनंद असतो, आणि तो हेवा करण्याजोगा असतो. पण थांबण्याची शक्ति मुलाजवळ नसते. शतपुटी चित्र त्या शक्तीचें फळ आहे.

हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही मूर्ख म्हणत नाहीं. त्यांची दृष्टि एका विशिष्ट शाळेंत तयार झाली आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला; त्या छापखान्यानें लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि शकुंतला घरोघर पोंचविल्या. त्या छापील चित्रांचे आपल्या समाजावर उपकार आहेत. परंतु त्यांनीं एक सवयही लाविली: चित्र म्हणजे गोष्ट. 'हें कोण? हें काय करीत आहे?' एवढें विचारावयाचें, आणि उत्तर मिळालें कीं पुढें चालूं लागावयाचें. म्हणजे गोष्टीचें चित्रही आपण पाहत नव्हतों, वाचीत होतों. शकुंतला पायांतला कांटा काढण्याचें मिष करून मागें वळून पाहत आहे, हें आपल्या आजीलाही ठाऊक होतें; तिच्या वस्त्रावर उजेड कसा पडला आहे, हें घरांतल्या कितीजणांनीं पाहिलें? अमूर्त चित्रानें आपल्यावर अन्याय केला तो एवढाच कीं, वाचावयाची गोष्ट काढून घेऊन आपण कधीं पाहत नव्हतों हें त्यानें उघड केलें.

गंमत अशी कीं, ह्याच कुटुंबांत कान मात्र निराळ्या शाळेंत गेलेला असतो. ख्यालाचा आलाप चालू असतां 'ह्यांत गोष्ट कोणती?' असें विचारणारा मनुष्य मैफलींत वेडा ठरेल. एका स्वरावर गायक किती वेळ ठरला, त्या स्वराला कोणत्या बाजूनें लागला, ह्याला आपण माना डोलावितों. जें सुख कानाला निःशंकपणें देतों तेंच डोळ्याला देतांना आपण पावती कां मागतों? येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. संगीताचा हा दाखला पुष्कळ चित्रकार ढालीसारखा पुढें करतात आणि तिच्या आड बेसूर चित्रें खपवितात. दाखला घ्यावयाचा तर पुरा घ्यावा. मैफलींतला जाणता श्रोता बेसूर स्वर ओळखतो आणि नाक मुरडतो. चित्राच्या प्रेक्षकालाही नाक मुरडण्याचा अधिकार आहे. पण श्रोत्यानें तो ऐकून ऐकून मिळविला, प्रेक्षकानें तो पाहून पाहून मिळविला पाहिजे.

दुसरा पक्ष अधिक सभ्य आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. हंसणाऱ्यामुळें चित्रकाराचें मन दुखावतें. हात जोडणाऱ्यामुळें त्याची कला बिघडते. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचें उदाहरण घेऊं. जन्म नागपूरचा, घराणें गोव्याकडचें, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत, आणि १९७२ पासून वास्तव्य दिल्लींत. त्यांचीं प्रसिद्ध चित्रें मेणाचीं नव्हेत, तैलरंगाचीं आहेत. परंतु थर, प्रतीक्षा आणि मौन ह्या तिन्ही बाबतींत आमच्या विषयाला त्यांच्याइतका जवळचा दाखला मराठी वाचकाला दुसरा मिळणार नाहीं. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना रुचत नसे. आपलें चित्र वस्तुनिरपेक्ष आहे असें ते म्हणत. अशा माणसाभोंवतीं भक्तांनीं एक दंतकथा विणली आहे: निजामुद्दीनमधील एकांताची खोली, मितभाषण, झेन पंथाची ओढ, जगाविषयीं बेपर्वाई. ह्यांतलें पुष्कळसें खरें आहे. पण ह्या दंतकथेंत रोलर कोठें आहे? रंग खरवडण्याची सुरी कोठें आहे?

कारण गायतोंडे यांनीं आपलीं चित्रें ह्या हत्यारांनीं केलीं. ते रंगाचा पातळ थर देत, त्यावर रोलर फिरवीत, सुरीनें तो उचलून घेत, पुन्हां देत. मासिकांचे व वर्तमानपत्रांचे फाडलेले कागद रंगासाठीं वापरून त्यांतून आकार उठवीत. वर्षाकाठीं मोजकींच चित्रें पुरीं होत. १९८४ सालच्या अपघातानंतर तर कित्येक वर्षें मोठा पट त्यांना हातीं घेतां आला नाहीं. त्या काळांत ते लहान कागदांवर शाईनें रेखाटीत राहिले. ध्यान म्हणावयाचें असेल तर तें ह्या कामांत आहे: थर देणें, थांबणें, पाहाणें, आणि पुन्हां हात लावावा कीं लावूं नये हें ठरविणें. झेनची ओढ असणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. त्या ओढीनें चित्र होत नाहीं.

हाच आमचा मुख्य मुद्दा आहे. ध्यान हा चित्राचा विषय नव्हे. ती चित्र करण्याची आणि पाहण्याची रीत आहे. पांढऱ्या पृष्ठाला 'शून्य' असें नांव दिल्यानें त्यांत बुद्धाचें शून्य उतरत नाहीं, जसें दारावर 'शिवालय' अशी पाटी लाविल्यानें घरांत पिंडी येत नाहीं. उलट असल्या शब्दांनीं एक मोठें नुकसान होतें. समोर ब्रह्मच आहे असें एकदां ठरल्यावर त्याचा उजवा कोपरा मळकट झाला आहे, किंवा तिसरा थर वायां गेला आहे, असें म्हणण्याची छाती कोणाला होणार? टीकेचा दरवाजाच बंद होतो. आणि ज्या कलेवर टीका होऊं शकत नाहीं, तिच्यांत चांगलें आणि वाईट एकाच भावानें विकलें जातें.

भावाची गोष्ट निघालीच आहे तर तिसऱ्या पक्षाचाही समाचार घेऊं. तो लिलांवाचा. गायतोंडे यांचें एक चित्र २०१५ सालीं मुंबईंत २९ कोटी रुपयांवर गेलें, दुसरें २०२२ सालीं ४२ कोटींना गेलें, आणखी एक २०२५ सालीं ६७ कोटींना. वर्तमानपत्रांनीं आंकडे ठळक छापले. पण त्या चित्रांचे रंग कोणते होते, हें ती बातमी वाचलेल्या कितीजणांना सांगतां येईल? न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें २०१४ सालीं त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हांही आमच्या घरांत जी चर्चा झाली ती मानाची झाली, चित्रांची नव्हे. 'चिन्ह'सारख्या मराठी नियतकालिकानें त्यांच्याविषयीं चिकाटीनें मजकूर छापला, हा सन्मान्य अपवाद. एरवीं आंकडा पाहून पहिला पक्ष म्हणतो, 'पाहा, कसें लुबाडलें!' दुसरा म्हणतो, 'पाहा, केवढा थोर!' आंकडा हाही न पाहण्याचाच एक प्रकार झाला आहे.

येथें आम्हांस एक लहानसा प्रसंग सांगावासा वाटतो. मुंबईच्या एका कलादालनांत आम्ही दुपारच्या वेळीं बसलों होतों. समोर मेणाचें एक मोठें चित्र होतें. राखेच्या रंगाचें, मध्यें कोठें कोठें आंतून उमटणारें तांबूस. एक कुटुंब आलें. वडिलांनीं चित्राची किंमत विचारली, आईनें मुलाला चित्रापुढें उभा करून छायाचित्र घेतलें, आणि सारीं निघून गेलीं. मग दोन तरुण आले. त्यांनीं पत्रक वाचलें, 'फारच खोल आहे' असें एकमेकांस सांगितलें, आणि तेही गेले. त्यानंतर शेजारच्या दालनाची भिंत रंगविण्यास आलेला एक रंगारी जेवणाच्या सुटींत तेथें डोकावला. तो चित्रासमोर उभा राहिला नाहीं. तो बाजूला गेला, मान वांकडी करून त्यानें कडेनें पाहिलें, नाक जवळ नेऊन वास घेतला, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "साहेब, हे मेण आहे. आठनऊ हात तरी दिलेत. अस्तर काळं आहे बघा, म्हणून वरचा राखाडी असा आंतून तापल्यासारखा दिसतोय."

आम्ही त्याला विचारलें, "तुम्हांला हें आवडलें का?" तो थोडा विचारांत पडला. "आवडलं कीं नाहीं तें नाहीं सांगतां येत," तो म्हणाला, "पण घाई केलेली नाहीं." मग तो पुढें आला आणि डबा उघडण्यापूर्वीं पांच मिनिटें चित्रासमोर उभा राहिला. त्या दुपारीं त्या दालनांत चित्र पाहिलें तें त्यानें. त्याला अध्यात्म सांगावें लागलें नाहीं, आणि किंमतही विचारावीशी वाटली नाहीं. हात कसा देतात हें त्याला ठाऊक होतें, म्हणून दिलेले हात त्याला दिसले.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, हात पुष्कळ दिले म्हणजे चित्र चांगलें झालें. तसें असतें तर प्रत्येक जुन्या वाड्याचा दरवाजा संग्रहालयांत ठेवावा लागला असता. मेण स्वभावतः लाघवी आहे. त्याची तकाकी, त्याची खोली, त्यांत उजेडाचें मुरणें, हें सारें चित्रकाराला फुकट मिळतें. शिकाऊ माणसाची पहिली फळीसुद्धां गूढ दिसते. ती गूढता मेणाची असते, त्या माणसाची नव्हे. मिश्र माध्यमांतल्या इतर वस्तूंचेंही तेंच. फाटक्या पत्राचा तुकडा पुरला कीं आठवण आयती येते. गंजलेला खिळा ठोकला कीं काळाचें भान आयतें येतें. पांढरा दोरा सोडला कीं विरक्ति आयती येते. ह्या आयत्या पुंजीवर आज पुष्कळ चित्रें संसार करीत आहेत, आणि पत्रकांतलीं विशेषणें त्यांना उसनवारी पुरवीत आहेत. अशा चित्रांना वाईट म्हणण्यांत आम्हांस कसलाही संकोच वाटत नाहीं. पहिल्या पक्षाच्या आक्षेपांत जो सत्याचा अंश आहे तो हाच. फक्त सरसकट बोलून त्यानें तो वायां घालविला.

मग बरें-वाईट ओळखावें कसें? रंगाऱ्याची कसोटी येथें उपयोगी पडते. प्रथम कडेनें पाहावें. थर कोठें आहेत, किती आहेत, खालीं काय झांकलें आहे, हें कडा बहुधा सांगते. मग समोर यावें आणि विचारावें, खालचा थर वर कांहीं काम करीत आहे काय? तो नसता तर वरचा रंग असाच दिसला असता काय? तसाच दिसला असता, तर ते थर नव्हेत, ती नुसती जाडी आहे. तिसरें, पुरलेली वस्तु तिच्या जुन्या आठवणीवर उभी आहे कीं चित्रांत तिला कांहीं नवें करावें लागलें आहे, हें पाहावें. आणि शेवटीं, दूर जाऊन दहापंधरा मिनिटें बसावें. चांगल्या चित्रांत ह्या वेळांत रंग हळूहळू वेगळे होतात. जो करडा एकच वाटला होता त्यांतून निळसर आणि पिवळसर असे दोन निघतात, जी कड ठाम वाटली होती ती विरते. वाईट चित्र पहिल्या नजरेला जेवढें देतें तेवढेंच पंधराव्या मिनिटाला देतें. ह्यांत गूढ कांहीं नाहीं. कोणाही दृष्टि शाबूत असलेल्या माणसाला हें करतां येतें.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, 'आंबा गोड लागण्यासाठीं शिकवणी लागत नाहीं. ज्या चित्रासाठीं पंधरा मिनिटें बसण्याची अट घालावी लागते, तें चित्र फसलेंच.' आमचें उत्तर असें. आंब्यालाही अढींत ठेवावा लागतो; कैरी झाडावरून उतरवून लगेच खाणारा मनुष्य हापूस आंबट असतो असें म्हणेल, आणि त्याच्या जिभेपुरतें तें खरेंही असेल. सगळीं चित्रें अशीं थांबवितात असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं चित्रें एका दृष्टिक्षेपांत सारें देतात आणि तीं मोठींही असतात. पण जें सावकाश झालें आहे तें सावकाशच उलगडतें, ही अट चित्रकारानें लहरीनें घातलेली नाहीं. ती त्या करण्यांतूनच आलेली आहे. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें मार्क रॉथ्को यांच्या चौदा विशाल पटांसाठीं एक स्वतंत्र प्रार्थनागृह बांधून १९७१ सालीं तें सर्व धर्मांच्या लोकांस खुलें केलें. त्या काळसर पटांपुढें बसण्यासाठीं तेथें बांक आहेत. चित्रापुढें बांक ठेवणें ही आम्हांस शंभर पत्रकांपेक्षां मोठी रसिकता वाटते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कलादालनांच्या चालकांनीं पत्रकांतून 'चिंतनशील' हा शब्द वर्षभर तरी हद्दपार करावा. चित्र कशावर, कशानें, किती थरांत केलें तें छापावें, आणि त्या वांचलेल्या जागेंत एक बांक ठेवावा. टीकाकारांनीं चित्रकाराच्या एकांतवासाचीं वर्णनें पुरे करून त्याच्या कामाविषयीं लिहावें, आणि काम फसलें असेल तर तसें स्पष्ट लिहावें. ज्यांनीं कोट्यवधि रुपये मोजून अशीं चित्रें घेतलीं आहेत त्यांनीं तीं तिजोरींत न ठेवतां कांहीं काळ तरी सार्वजनिक संग्रहालयांच्या भिंतींवर द्यावीं; मेण काय किंवा तैलरंग काय, त्याच्या थरांत उजेड शिरल्यावांचून तें चित्र पुरें होत नाहीं. आणि आमच्या वाचक कुटुंबांनीं एवढेंच करावें: मुंबईचें जहांगीर कलादालन १९५२ पासून उघडें आहे, तेथें जाण्यास पैसा पडत नाहीं, पुढच्या खेपेस तेथें किंवा आपल्या गांवच्या प्रदर्शनांत गेलां असतां सारीं चित्रें पाहण्याचा हट्ट सोडावा. एकच निवडावें. मोबाइल खिशांत ठेवावा, पत्रक वाचूं नये, किंमत विचारूं नये, आणि पंधरा मिनिटें त्याच्यापुढें काढावीं. त्यानंतर तें चित्र टाकाऊ वाटलें तर तसें मोठ्यानें म्हणावें. तें मत आम्ही आदरानें ऐकूं.

हा सारा खटाटोप थोड्या चित्रकारांच्या भल्यासाठीं चालला आहे असें कोणास वाटेल. तसें नाहीं. चित्रकार आपलें पाहून घेतील. आम्हांस काळजी वाटते ती आमच्या घरांची. जें पहिल्या क्षणीं कळत नाहीं त्याला हंसून मोकळें होणें, किंवा त्याला मोठें नांव देऊन मोकळें होणें, ह्या दोन सवयी भिंतीवरच्या चित्रापाशींच थांबत नाहींत. घरांत कमी बोलणारें मूल असतें, एकच गोष्ट चाचपडत पुन्हां पुन्हां सांगणारे वृद्ध असतात, वर्षानुवर्षें मनांत कांहीं पुरून ठेवलेली एखादी सून असते. त्यांच्याही वरच्या थराखालीं थर असतात, आणि ते दिसावयाला वेळ लागतो. चित्रासमोर पंधरा मिनिटें बसतां न येणारा मनुष्य त्यांच्यासमोर किती वेळ बसूं शकेल, ह्याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा.